तक्रार खालच्या मजल्यावर

बाबा माझ्याजवळ उन्हाची तक्रार करत नाहीत, या गोष्टीचा मला एक दिवस राग येईल असं कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. तक्रार न करणारा बाप मिळायला नशीब लागतं, असं लोक म्हणतात. मीही म्हणायचो, दोन हजार पाचच्या जूनपर्यंत.

तेव्हा आम्ही दोघं नवरा-बायको अमेरिकेतल्या वाळवंटी भागात, चँडलरला राहत होतो, एका दुमजली अपार्टमेंटच्या वरच्या मजल्यावर. तिथला उन्हाळा एप्रिलच्या शेवटी सुरू होतो आणि मग परत जायचं नाव घेत नाही. ऑफिसातली पुण्या-मुंबईची मंडळी पहिल्याच आठवड्यापासून हायहाय करायला लागत. एक जण तर स्वयंपाकघरातले ओव्हनचे हातमोजे गाडीत ठेवायचा, स्टिअरिंग धरायला. मी जन्मापासून नागपूरचा. कोणी कुरकुर केली की मी शांतपणे म्हणायचो, “तुम्ही मे महिन्यात नागपूर पाहिलंय का?” ऑफिसात माझी जी काही थोडीफार इज्जत होती ती या एका वाक्यावर होती, कारण कामात माझ्याहून हुशार पुष्कळ होते.

त्यामुळे बाबांचा व्हिसा झाला तेव्हा मी मागचापुढचा विचार न करता मेअखेरचं तिकीट काढलं. सगळ्यांनी सांगितलं, अरे ऑक्टोबरात बोलाव, हिवाळा इथे सुंदर असतो. मी म्हणालो, “नागपूरच्या माणसाला उन्हाची भीती कसली दाखवता?” खरं कारण वेगळं होतं. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती, बाबा एकटे राहत होते आणि मला घाई झाली होती. त्यांना इथे आवडलं तर त्यांना इथेच ठेवून घ्यायचं, असं मी ठरवलं होतं. हे त्यांना सांगितलं नव्हतं. आधी त्यांना इथे आवडू दे, मग सांगू, असा माझा बेत होता.

बाबा आले ते बरोबर नवतप्यात. रोहिणी लागल्यावरचे पहिले नऊ दिवस म्हणजे नवतपा, उन्हाळ्याचा कडेलोट. ते नऊ दिवस कसे तरी काढले की पुढे मृग येतो आणि सुटका होते, असं आमच्याकडे प्रत्येकाला पाठ असतं. विमानतळाबाहेर पाऊल टाकताच बाबांनी विचारलं, “इकडे नवतपा किती दिवसांचा?”

“सप्टेंबरपर्यंत,” मी म्हणालो आणि हसलो. बाबा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर एसी चालू आणि घरातल्या खिडक्या सताड उघड्या. मधोमध खुर्ची टाकून बाबा बनियनवर बसलेले. त्यांचा सगळा जन्म कूलरच्या घरात गेला होता. कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवावीच लागते, नाही तर घर दमट होतं. हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं की बंद खिडकी त्यांना सहनच होईना. ते म्हणाले, “अरे, हवा कोंडते इथं. मला गुदमरल्यासारखं होतं.”

यावर मी त्यांना एक व्याख्यान दिलं. एसी कसा चालतो, खिडकी उघडली तर काय होतं, आपण नागपुरात शेहेचाळीस डिग्रीत कसे राहत होतो आणि इथे चोवीस तास गार हवा आहे. “आणखी काय पाहिजे, बाबा?” असंही म्हणालो. हसतच म्हणालो होतो. बाबा उठले आणि एकेक खिडकी लावून आले.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी बूट काढता काढता विचारायचो, “बाबा, त्रास नाही ना झाला आज?” आणि ते म्हणायचे, “छे. मजेत.” टीव्हीवर सांगितलेल्या फॅरनहाइटचं सेल्सिअस करून ते एका जुन्या पाकिटावर लिहून ठेवत. एकशे बाराचे चव्वेचाळीस. बाकी त्यांचं काही म्हणणं नसे. मी ऑफिसात मिरवायचो की आमचे बाबा बघा, एक शब्द नाही.

आमच्या बरोबर खाली एक चंद्रपूरचा मुलगा राहत होता. मुलगा म्हणजे माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच लहान, लग्न व्हायचं होतं. चिप बनवायच्या कारखान्यात इंजिनियर. त्याच्या शिफ्टा बारा-बारा तासांच्या, त्यामुळे आठवड्यातले तीन-चार दिवस तो भरदुपारी घरी असे. त्याची-माझी ओळख जिन्यातली, पण ती सुरुवातीलाच नासली होती. मी नागपूरचा म्हटल्यावर तो म्हणाला होता, “नागपूर? आम्ही तर हवा खायला यायचो यार तिकडे.” चंद्रपूर आमच्याहून जास्त तापतं, हे मला ठाऊक होतं. त्यावर बोलायला जागाच नव्हती. तेव्हापासून मी त्याच्याशी हाय-हॅलोपलीकडे गेलो नव्हतो.

जूनच्या शेवटी एका दुपारी माझी मीटिंग कॅन्सल झाली आणि मी तीनलाच घरी आलो. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर असताना खालच्या घरातून बाबांचा आवाज आला. एसी असूनही त्या घराची खिडकी उघडी होती.

“काय नळ आहे बाप्पा हा! थंडचा उघडला तरी उकळतं पाणी. मी सकाळीच बादली भरून ठेवतो, तेव्हा कुठे दुपारी हात लावता येतो.”

“काका, मी तर पहिल्या वर्षी त्याच नळाखाली डायरेक्ट उभा राहिलो होतो. ओरडलो ना जोरात!”

“आणि रात्री त्या एसीनं गुडघे धरतात. जून महिन्यात स्वेटर घालून झोपतो मी. गावी कोणाला सांगितलं तर येडा म्हणतील.”

“मी मोजे घालून झोपतो, काका.”

“रस्त्यावर माणूस नाही. अरे, ऊन पडलंय तर ते बघायलाही कोणी नाही! आमच्याकडे चौकात चार डोकी दुपट्टे बांधून उन्हाला शिव्या तरी देतात. आणि मृग होऊन गेला, ढगाचा पत्ता नाही. कधी संपणार राजा हे?”

मग दोघं हसले. बाबांचं हे हसणं मी आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

माझा हात कठड्यावर होता. लोखंडी कठडा तापून लाल व्हायचाच बाकी होता, तरी हात उचलायचं माझ्या लक्षात आलं नाही. डोक्यावर एकशे बारा घेऊन मी माझ्याच बापाच्या उन्हाच्या तक्रारी चोरून ऐकत उभा होतो, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. माणूस तक्रार कुठे करतो? आपल्या माणसाजवळ करतो. पाहुण्यासारखं ‘मजेत’ मला, आणि गुडघे, नळ, मृग सगळं त्याला. तो पोरगा काही मोठं करत होता असंही नाही. तो एकही उपाय सांगत नव्हता. बाबांनी एक कुरकुर केली की तो आपली एक करत होता, बस. एवढं तर मीही केलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं.

बाबा पाचला वर आले. मी विचारलं, “त्रास नाही ना झाला आज?”

“छे. मजेत.”

मग मी हट्टालाच पेटलो. एसी कमी करू का, गुडघे दुखतात का, पाणी गार हवं का, असं घडीघडी विचारायला लागलो. “ठीक आहे रे, कशाला,” एवढंच उत्तर. त्यांच्यासाठी मोठ्या काठाची टोपी आणली. ती त्यांनी नीट घडी मोडू न देता कपाटात ठेवली. एका शनिवारी त्यांना फ्लॅगस्टाफला डोंगरावर नेलं, पाइनच्या झाडांखाली, वारा इतका गार की बायकोने शाल काढली. “छान आहे,” बाबा म्हणाले. सोमवारी बायको कपडे धुवायला खाली गेली तेव्हा तिच्या कानावर पडलं, की अडीच-अडीच तास गाडीत बसून काकांची कंबर पार मोडली. तिने ते मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

“तुला तक्रारीच हव्यात ना?” ती म्हणाली. “माझ्याकडे भरपूर आहेत. बस, सांगते.”

जुलै लागता लागता त्या पोराने कुणाच्या तरी गॅरेज सेलमधून एक जुनापुराणा कूलर उचलून आणला. चक्क कूलर, आपल्याकडच्यासारखा, पत्र्याचा. बाबा वीज खात्यातून रिटायर झालेले, नागपुरात आमच्या गल्लीतले सगळे कूलर दर एप्रिलमध्ये त्यांच्या हाताखालून जायचे. दोन संध्याकाळी खपून त्यांनी मोटर चालू केली, पंप साफ केला, लाकडाच्या भुश्याच्या नव्या ताट्या बसवल्या. खालच्या पॅटिओत, म्हणजे खिडकीबाहेरच्या उघड्या ओट्यावर, कूलर ठेवला, तोंड खिडकीत, आणि सुरू केला.

त्या भुश्याचा ओला वास आमच्या बाल्कनीपर्यंत आला. शाळेच्या सुट्ट्या, भिजवलेल्या वाळ्याच्या ताट्या, कूलरसमोर कोणी झोपायचं यावरून बहिणीशी भांडणं, सगळं त्या वासात होतं. तो वास माझा होता. आणि तो खाली, दुसऱ्याच्या घरात, माझ्या बापाच्या हातांनी तयार झाला होता. मला सरळसरळ मत्सर वाटला. एवढा मत्सर मला कुणाच्या प्रमोशनचा किंवा ग्रीनकार्डाचा कधी वाटला नव्हता. वीज खात्यातल्या माणसाचा मुलगा असून बापाला एक कूलर आणून द्यावा हे मला सुचलं नाही, त्याला सुचलं. दुपारभर बाबा खालीच असायचे. रविवारी जेवायला हाक मारली तर म्हणाले, “कूलरमध्ये पाणी टाकतो नि आलो.” आम्ही वीस मिनिटं वाट पाहिली. वरण निवून गेलं.

सोमवारी सकाळी कामाला जाताना मी अपार्टमेंटच्या ऑफिसात शिरलो. काउंटरवरच्या मुलीने एक फॉर्म दिला. मी लिहिलं की खालच्या पॅटिओतल्या यंत्राचं पाणी गळतं, वाट निसरडी होते, मोटरचा आवाज येतो. यातलं काही खोटं नव्हतं. नाव लिहायची सक्ती नव्हती, म्हणून लिहिलं नाही; मजल्याच्या रकान्यात फक्त ‘वरचा’ लिहिलं. त्या उन्हाळ्यात आमच्या घरातून एकच लेखी तक्रार गेली आणि ती मी केली.

तिसऱ्या दिवशी खालच्या दाराला चिठ्ठी चिकटवलेली दिसली. आठवड्याच्या आत कूलर कचऱ्याच्या मोठ्या डब्याशेजारी उभा होता, ताट्या अजून ओल्या. मी गाडी त्याच्या बाजूने न नेता लांबच्या फाटकातून नेली.

बाबा खाली जायचे थांबले नाहीत, पण लवकर वर येऊ लागले. संध्याकाळी पाकिटावर तापमान लिहायचे. मी विचारायचो, ते ‘मजेत’ म्हणायचे. कूलरबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही, मीही मूग गिळून बसलो. ऑगस्टच्या शेवटी त्यांना सोडायला विमानतळावर गेलो. इथेच राहता का, हे तिथे विचारायचं असं मी ठरवलं होतं. बॅगा चेक-इन झाल्या, तरी विचारलं नाही. कुठल्या तोंडाने विचारणार? जाताना बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “उन्हात फार फिरू नको.”

सप्टेंबरात एकदा टपालाच्या पेट्यांपाशी चंद्रपूरवाला भेटला.

“काका नाहीत तर एकदम बोर होतं यार,” तो म्हणाला. मग किल्ली फिरवता फिरवता म्हणाला, “माहीत आहे, त्या कूलरच्या टायमाला मी ऑफिसात जाऊन भांडणारच होतो. कोणी कम्प्लेंट केली म्हणून. काकांनी ते लेटर वाचलं, नि मला हात धरून बसवलं.”

“काय होतं लेटरमध्ये?” मी विचारलं.

“काही नाही रे, नेहमीचंच. वरच्या मजल्यावरच्या रहिवाशाकडून तक्रार आली आहे, असं.”

आमच्या जिन्यावर वर दोनच घरं. दुसऱ्या घरातलं म्हातारं गोरं जोडपं उन्हाळा लागला की गाशा गुंडाळून थंडीकडच्या राज्यात निघून जायचं, मेपासून त्यांच्या दाराला कुलूप होतं. फॉर्म भरताना हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

“काका म्हणाले, जाऊ दे राजा,” तो म्हणाला. “ज्यानं केली त्याला पण ऊन लागत असेल.”

त्याने पेटी बंद केली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. त्याला किती कळलं होतं, हे मी त्याला कधीच विचारू शकलो नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी मी नागपूरला फोन लावला. तिकडे रविवारची सकाळ. मी इथे आल्यापासून सात वर्षं दर आठवड्याला बाबांचा पहिला प्रश्न एकच असे आणि माझं उत्तरही ठरलेलं असे: ठीक आहे, काही त्रास नाही, आपण नागपूरचे. इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही दुसरं काही सांगितलं नव्हतं, नोकरी जाता जाता वाचली तेव्हाही नाही.

“कसं आहे ऊन?” बाबांनी विचारलं.

“फार आहे, बाबा,” मी म्हणालो. “सहन होत नाही.”

पलीकडे फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि ती खुर्ची करकरली.

“हं,” बाबा म्हणाले. “सांग.”