खेळाची सावड

हिराताई आज पहाटे गेली.

आमच्या टीमचा सगळ्यात मोठा सामना आमच्या या कोचने बघितलाच नव्हता. का, ते आज लिहितेच.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. शेणव्याच्या पुढे आमचं गाव.

हिराताई माहेरची मुरबाडकडची, शाळेत असताना कबड्डी खेळलेली. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या बायका तिला विचारत होत्या, भाकऱ्या येतात का, भाताची आवणी, म्हणजे लावणी, येते का.

हिने उलट विचारलं, "इथं पोरी कबड्डी नाय खेळत?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

मळणी उरकली की तिच्या सासऱ्यांचं खळं रिकामं पडायचं. शेणाने सारवलेलं, टणक. तेच आमचं ग्राउंड. पावसाळ्यात शाळेची पडवी.

ना पगार, ना पद, ना शिट्टी. "ए गो, शिरल्यावर मागं काय बघतेस!" ही हाक मात्र पार नदीपर्यंत जायची.

एक गोष्ट ती घोकवून घ्यायची. "भीती वाटंल. वाटू दे. तोंडातली कबड्डी बंद नाय पडली पायजे."

आजही ऑफिसात साहेब ओरडायला लागला की मी मनातल्या मनात कबड्डी-कबड्डी सुरू करते. खरंच सांगते.

तर, मुरबाडला मोठी स्पर्धा ठरली. नेमकी ऐन कापणीत.

आम्ही सातजणी. राखीव खेळाडू वगैरे चैन नव्हती. एक कमी पडली तर टीम उतरणारच नाही.

आणि माझ्या बाबांनी नाही म्हटलं.

बाबांचं चूक नव्हतं. भात पिकून आडवं झालेलं, आभाळाचा भरवसा नाही, आईचा हात दुखावलेला. मी गेले तर कापायला ते एकटेच.

हिराताई ओटीवर येऊन बसली.

"दादा, सावड लावा. हिच्या बदल्यात मी येते कापायला."

सावड म्हणजे आज मी तुझ्या शेतावर, उद्या तू माझ्या. आमच्याकडे सगळी शेती त्यावरच चालायची.

बाबा हसले. "सावड कामाची असते बाय. खेळाची सावड मी नाय ऐकली कधी."

"आता ऐकलीत ना?"

बाबा म्हणाले, "आणि तू हितं कापत बसलीस तं पोरींसंगं कोन जानार?"

"आमचे हे जातील."

आमचे हे! भावजींना कबड्डीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

मी तिच्या मागे धावले. "ताई, तू नसलीस तर आम्ही काय करू?"

"मी असून तू नसलीस तं काय करू? सहा पोरींना आत घेतील का?"

स्पर्धेच्या सकाळी आमची जीप निघाली तेव्हा ती आमच्या शेतात वाकलेली दिसली. आम्ही हाका मारल्या. तिने विळा वर केला आणि परत खाली वाकली.

मुरबाडला एक गंमत झाली. खळ्यावर चपला चालत नाहीत, त्यामुळे आम्ही सवयीने ग्राउंडपासून लांब चपला काढून, जमिनीला हात लावून आत गेलो. त्यातल्या बऱ्याच कुणीतरी लंपास केल्या. येताना अर्ध्या टीमचे पाय अनवाणी.

भावजी प्रत्येक चढाईला एकच ओरडत होते. "पळ! पळ!" पकड करायची असली तरी पळ.

तरीही फायनलला पोचलो. शहरातल्या एका शाळेची टीम समोर, बूट घातलेली. शेवटच्या चढाईत माझी पकड झाली आणि एका गुणाने हरलो.

जीप गावात पोचली. मी थेट शेतावर गेले. भात सगळं कापून झालं होतं. हिराताई बाबांबरोबर भारे बांधत होती. हातावर भाताच्या पात्यांचे ओरखडे.

"ताई, हरलो."

"साती जणी उतरल्या ना?"

"हो."

"मग झालं की. पाणी पी जा."

बाबा सगळं ऐकत होते. दुपारी आभाळ मोकळं झालं तेव्हा त्यांनी तिला म्हटलं होतं म्हणे, आता जा, गाडी मिळंल. ती म्हणाली, बोलले हाय दादा, ही पात पुरी करते. मग कापणीची ती ओळ संपल्यावर पुढची धरली.

त्या रात्री बाबा भाकरी मोडून नुसते बसून राहिले. आईला म्हणाले, "ती तिकडं असती तं पोरी जिकल्या असत्या गो."

पुढच्या वर्षी परत ऐन कापणीत स्पर्धा.

या वेळी हिराताईला आमच्या ओटीवर यावंच लागलं नाही. बाबाच विळा घेऊन तिच्या दारात. माझे बाबा, जे लेकीच्या शाळेतही कधी पाऊल टाकायचे नाहीत!

"तुझ्या शेतावर मी हाय. तू जा पोरींसंगं."

मागून आमच्या टीममधल्या कमळीचे बाबा आले. मग सुरेखाचे. हिराताई चौकटीला धरून उभी. मग पदर खोचून आमच्याबरोबर निघाली.

पुढे कित्येक वर्षं तिचं भात पोरींच्या बापांनी कापलं. उंबरमाळीकडच्या पाड्यांवरच्या पोरीही यायला लागल्या, तिच्याच घरी राहायच्या, तिच्याच ताटात जेवायच्या. एका बाईने दिलेल्या एका दिवसाचं केवढं झाड झालं, हे कळायला मला माझं अर्धं आयुष्य लागलं.

आज दुपारी तिला नेलं. आताही कापणीच चालू आहे. एवढी माणसं मी आमच्या गावात कधी पाहिली नव्हती. त्यात कितीतरी म्हातारे बाप, शेतातून तसेच आलेले, अंगावर भाताची कुसळं.

निघता निघता थेंब पडायला लागले. कुणीतरी बाबांना म्हणालं, "तात्या, तुमचं भात कापून पडलंय. भिजंल ना सगळं."

बाबा तिच्याकडे बघत होते.

"भिजू दे," म्हणाले.

हिराताई, तुझ्या सगळ्या पोरींचा तुला नमस्कार.