काचेच्या पेटीला आलेली दाढी

डिलाईल रोडवर कोंडीरामचं केशकर्तनालय होतं. आत दोन खुर्च्या, समोरासमोर दोन मोठे आरसे आणि गिऱ्हाइकांनी वाट पाहण्यासाठी एक बाक. या बाकावर कसलीच वाट न पाहणारी माणसं जास्त बसत. मी त्यांतलाच. माझ्या डोक्यावर कोंडीरामने करण्यासारखं फारसं काही उरलेलं नव्हतं, पण तिथे पेपर फुकट वाचायला मिळे, आणि संयुक्त महाराष्ट्र कधी होणार हे पेपरच्या आधी कळे.

कोंडीराम मूळचा साताऱ्याकडचा. समुद्राशी त्याचा संबंध ताटातल्या मिठापुरता. पण चर्नी रोडला मत्स्यालय उघडलं तेव्हा तो बायकोला, तुळसाला, घेऊन गेला आणि एका काचेपुढे असा उभा राहिला की तुळसा सगळं पाहून परत आली तरी हा तिथेच. काचेआड एका दगडावर फूल उमललं होतं आणि ते जिवंत होतं. पाकळ्या हलवून पाण्यातलं काहीबाही धरून खात होतं.

"गावाकडं आम्ही देवाला फूल वाहतो," तो मला म्हणाला, "हितं फूलच जेवायला बसलंय."

मग त्याने फ्रेमवाल्याकडून काचेची पेटी करवून घेतली. वरळी कोळीवाड्याचा लवू त्याच्याकडे दाढीला येई. त्याने घासलेटच्या धुतलेल्या डब्यांतून समुद्राचं पाणी आणलं, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांतला एक दगड आणला, त्यावर चिकटलेलं एक समुद्रफूल आणि बोटभर लांबीचे काही मासे. कोंडीरामने पेटी मांडली ती दोन आरशांच्या मधोमध. एका पेटीच्या शंभर पेट्या दिसू लागल्या. दारातून ऊन आलं की या आरशातून त्या आरशात आणि तिथून थेट पाण्यात. माणसं दाढी झाली तरी खुर्चीतून उठेनात.

फुलाचा कोंडीरामला फार लळा. सकाळी दुकानाच्या फळ्या काढल्या की आधी पेटीपुढे उभा राही. फूल उघडलेलं दिसलं की मगच वस्तरा हातात घेई. सोमवारी न्हाव्यांची दुकानं बंद, पण हा सोमवारीसुद्धा येई, फळ्या काढी आणि पेटीत दुप्पट सुका जवळा टाकी. "आपली सुट्टी म्हणून त्यांनी का उपाशी ऱ्हावं?"

दिवाळीनंतर काचेवर तपकिरी साय धरली. मग दगडावर हिरवी मखमल आली. आणि एक दिवस त्या मखमलीला केस फुटले. लांब, हिरवे, पाण्याबरोबर डुलणारे. डॉक्टरने काय म्हटलं असतं कोण जाणे. पण केस आहेत म्हटल्यावर कोंडीरामला शंकाच उरली नाही की हे प्रकरण आपल्या खात्यातलं आहे.

त्याने पेटीची दाढी सुरू केली. रोज सकाळी बाही वर करून काचेवरून वस्तरा फिरवी, उलटा आणि सुलटा. दगडाला कंगवा. कापलेले केस पाण्यातच राहत आणि जिथे बसत तिथे नव्याने उगवत. चार दिवसांत पेटी पहिल्यापेक्षा दाट.

"वस्तऱ्यानं दाढी राठ व्हते, त्याचाच गुण," सीताराम म्हणाला. सीताराम म्हणजे गिरणीतला विणकर आणि बाकावरचा वक्ता. मुंबई महाराष्ट्राचीच हे तो रोज नव्याने सिद्ध करी, आणि प्रत्येक मुद्दा ठासताना जवळ्याची एक चिमूट पेटीत सोडी.

"तुरटी फिरवू का?" कोंडीरामने लवूला विचारलं.

"फिरव की. मासं पन गार पडतील कायमचं."

तुरटी परत खणात गेली. पण आता फूल मिटून बसलं होतं. हिरव्या केसांनी त्याला चहूबाजूंनी वेढलं होतं आणि आठवडा झाला तरी ते उघडेना. लवूने खाली वाकून पाहिलं आणि पहिल्यांदाच थट्टा केली नाही.

"कोंडीराम, जीव हाय तो. पुनवेच्या ओहोटीला येतो. तवर उघडलं नाय तर दगड मी परत नेनार. तिकडं त्याचं घर हाय."

कोंडीराम वस्तऱ्याला धार लावत राहिला. धार लावायची गरज नव्हती.

पौर्णिमा जवळ आली आणि छप्पनचा तो जानेवारी उजाडला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं कळलं आणि गिरणगाव रस्त्यावर आलं. गोळीबार, अश्रुधूर, संचारबंदी. त्या दिवसांत ज्यांच्या घरची माणसं परतली नाहीत त्यांच्याबद्दल विनोदी लिहिणाऱ्याने गप्प बसावं. दुकानाच्या फळ्या बंद, आणि कोंडीराम करी रोडच्या चाळीत, माझ्या शेजारच्या खोलीत, अडकलेला.

"मुकी जनावरं अंधारात उपाशी हाईत," तो ताटावर बसून म्हणे.

"तुम्ही दोन घास खाल्ले तर त्यांचं पोट दुखंल का?" तुळसा म्हणे, पण तिने त्याच्या ताटात वाढलेली भाकरी पुन्हा झाकून ठेवलेली मी पाहिली.

दोनदा तो जिन्यापर्यंत गेला. दोन्ही वेळा तुळसा आधीच खालच्या पायरीवर तांदूळ निवडत बसलेली होती.

संचारबंदी उठली त्या सकाळी आम्ही दोघं निघालो. रस्त्यावर दगड होते, चपला होत्या. कोंडीरामने फळ्या काढल्या आणि मला म्हणाला, "आधी तुम्ही बघा."

मी पाहिलं. हिरवे केस म्हाताऱ्यासारखे पांढरे पडून गळत होते. मासे दगडाच्या खाचेतून तोंड काढून, उशिरा येणाऱ्या गड्याकडे पाहावं तसे पाहत होते. आणि फूल उघडलं होतं. पुरतं नाही, झोपेतून उठलेल्या माणसाने एक डोळा उघडावा इतकंच.

"ये," मी म्हटलं.

तो आला. काचेपाशी वाकला. मग वस्तऱ्याचा खण उघडून त्याने उगाचच सगळी हत्यारं पुसली.

पुनवेला लवू रिकामा डबा घेऊन आला तेव्हा बाकावर चौकशी बसली होती. कोंडीरामने गळालेले केस चिमट्याने वेचून बाहेर काढले होते.

"काय केलंस?" लवूने विचारलं.

"काहीच नाही केलं. त्यानंच झालं." कोंडीरामने आरशांकडे बोट दाखवलं. "ऊन बंद, बत्ती बंद, जवळा बंद. अंधारात रान वाढत नाही, आन् खत तर आपनच टाकत हुतो."

"म्हणजे माझ्या भाषणानं शेवाळ वाढलं?" सीताराम म्हणाला.

"भाषन कर की, कोन नको म्हणतंय. हात खिशात ठिवून कर."

लवू हसला. "ओहोटीतलं मासं ते. डबक्यात अडकून उपास काढायची सवय हाय त्यांना. तुमचा पावनचार सोसत नव्हता." त्याने दगड नेला नाही. उलट ताजं पाणी आणून दिलं, आणि पुढच्या खेपेला दगडावरचं शेवाळ चाटून खाणाऱ्या गोगलगाई.

तेव्हापासून जवळा फक्त कोंडीरामच्या हातून, दिवसाआड, मासे संपवतील तेवढाच. सोमवारी फळ्या निघत नाहीत, सुट्टी पेटीलाही. आणि दुपारी दारात ऊन आलं की कोंडीराम गिऱ्हाइकाचं काम अर्धं सोडून उठतो, खुंटीवरचं पांढरं फडकं झटकतो आणि गळ्याशी बांधावं तसं पेटीभोवती गुंडाळतो.

परवा अर्धी दाढी झालेला लवू खुर्चीतून कुरकुरला, "अरे, आधी माझी तरी पुरी कर."

"बसा वाईच," कोंडीराम फडक्याची गाठ मारत म्हणाला. "नंबर त्याचा हाय."