आईनं पाडलेलं गाणं

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वर्षीही तेच नडलं. आमच्या कामगार वसाहतीत गणपतीची तयारी चालली होती आणि महिला मंडळाच्या बैठकीत बायकांच्या कार्यक्रमावर खल सुरू होता. कुणी म्हणे उखाण्यांची स्पर्धा ठेवा, कुणी म्हणे विचित्र वेशभूषा. मी कंपनीच्या पॅकिंग खात्यात नुकतीच लागलेली, एकोणीस वर्षांची, सगळ्यात मागच्या सतरंजीवर बसलेली. मला कुणी काही विचारलंही नव्हतं. तरी मी उठले आणि बोलून बसले, "माझी आई गाणी रचते. उभ्या उभ्या रचते. तिला बोलवा की!"

अध्यक्षबाई खूश झाल्या. "म्हणजे तुमची ती आदिवासी गाणी? छानच! पण येताना पानंबिनं, पिसंबिसं लावून या हं. लोकांना बघायलाही काहीतरी हवं."

"बाई, आम्ही ठाकर आहोत," मी म्हणाले, "मोर नाही."

सगळी सतरंजी हसली. बाईंचे कान लाल झाले, पण खरं सांगते, बाई मनानं चांगल्या. त्याही हसल्या आणि वहीत लिहून घेतलं : ठाकर भगिनींची गाणी, दहा मिनिटं. मी नाचत घरी आले. दाराशी पोचेपर्यंत मला आठवलंही नाही की आईनं सात वर्षांत तोंडातून गाण्याचा एक शब्द काढलेला नाही.

आमची वाडी खेडच्या वर, भीमाशंकरच्या रानाकडे. तिथं गाणं एकटीनं म्हणायची रीतच नव्हती. गाणं म्हणजे सवाल, आणि सवाल केला की समोरचीनं तिथंच रचून उत्तर द्यायचं. उत्तर पटलं की सवाल करणारी म्हणायची, "झेललं." मग पुढचा सवाल उत्तर देणारीचा. असं लग्नात मांडवाखाली ऊन उतरेपर्यंत चालायचं. उत्तर आलंच नाही तर म्हणायचे, गाणं पडलं. आणि एक नियम सगळ्यांच्या वरचा : गाण्यात खोटं बोलायचं नाही. बोलण्यात एकवेळ चालेल, गाण्यात नाही.

आईची जोडीदारीण म्हणजे माझी आत्या. ती वाडीतच दिलेली. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या की आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं ऐकायला यायची. चुलीवरची भाजी करपायची, पण बाया हलायच्या नाहीत.

मग वडील पिंपरीला फाउंड्रीत लागले. आम्ही वाडी सोडणार त्याच्या दोन दिवस आधी एक लग्न होतं. त्या मांडवात आत्यानं आईला सवाल केला, येशील का माघारी? मी बारा वर्षांची, आईच्या पदराला धरून उभी. आईनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. अख्खा मांडव वाट बघत राहिला. आणि आई मान खाली घालून मांडवाबाहेर निघून गेली. गाणं पडलं. तेव्हापासून दोघींचा अबोला. आई वसाहतीत आली, कंपनीच्या बागेत खुरपणीला लागली, आणि गाणं बंद. जोडीदारणीशिवाय गायचं म्हणजे एकटीनं फुगडी घालायची.

मी कार्यक्रमाचं सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती. तिनं वरसुद्धा बघितलं नाही. "वन्स येनार आसंल तर गाईन," म्हणाली. तिला वाटलं, विषय मिटला.

पण माझ्यापुढे असं म्हणून विषय मिटत नाही. आमच्या भागात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. गुरुवार उजाडला तशी मी एस.टी. धरून चाकणला गेले. आत्यालाही दोन वर्षांपासून वाडीत भागेना, म्हणून ती चाकणच्या एका वखारीत कांदे निवडायला लागली होती. ढिगाऱ्यासमोर बसून मोठा कांदा इकडे, बारका तिकडे, सडका मागे. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला बघून ते आणखी वाढलं, ते कांद्यानं की कशानं, मी विचारलं नाही.

मी सगळं सांगितलं. मांडव, माइक, कर्णे, अध्यक्षबाई, पिसं. पिसांचं ऐकून ती खो खो हसली. मग हातातला कांदा तिनं खाली ठेवला.

"तुज्या आयनं माजं गाणं पाडलं," ती म्हणाली. "साऱ्या मांडवात पाडलं. आदी त्याचं उत्तर दे म्हणावं."

"पण येशील ना?"

"बगू."

आता 'बघू' म्हणजे काय ते मला कळत नव्हतं असं नाही. पण एस.टी.त बसल्यावर मोशीपर्यंत मी त्या 'बघू'ला घोळून घोळून त्याचं 'होय' केलं, आणि घरी जाऊन आईला सांगितलं, "आत्या येते म्हणाली." उत्तराचं तर मी बोललेच नाही. गाण्यात खोटं चालत नाही. मी काही गात नव्हते.

आई बदललीच. दुसऱ्या दिवशी बागेतून आली ती पुटपुटत. रात्री भांडी घासताना तिचा पाय ठेका धरत होता. शेजारच्या चाळीतल्या आमच्यातल्याच तीन बाया तिनं मागून सूर धरायला गोळा केल्या. नेसायचं म्हणून ट्रंकेच्या तळाशी ठेवलेलं लुगडं काढलं. तिला असं बघून मला आनंदानं उड्या माराव्याशा वाटत होत्या. पण आत्या आली नाही तर दोघींचं गाणं दुसऱ्यांदा पडणार, तेही हजार लोकांसमोर, आणि पाडणारी मी.

पुढच्या गुरुवारी दुपारी मांडव गच्च भरला. पहिल्या रांगेत साहेबांच्या बायका, मागं आमच्या खात्यातल्या पोरी, कडेला फाउंड्रीतले बापे, आणि सगळ्यांत पुढे जमिनीवर ही पोरं. मी दर मिनिटाला फाटकाकडे बघत होते. उखाणे झाले. वेशभूषा झाली. आत्याचा पत्ता नाही. आणि कर्ण्यातून अध्यक्षबाईंचा आवाज आला, "आता सादर करीत आहेत..."

आई वर गेली. माइककडे तिनं जरा संशयानं बघितलं, कंबरेवर हात ठेवला आणि सुरू झाली :

डोंगर सोडून भोंग्याला आले,
खुरपं धरून हात माझे सोलले,
सांगा गं सयांनो, फुलं ही कुणाची?

मागच्या तिघींनी शेवटची ओळ उचलून धरली. सात वर्षं कोंडलेला तो आवाज कर्ण्यातून निघाला आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ती फुलं आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढची होती, कंपनीच्या फाटकातली, रोज येताजाता बघायची. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. शिट्ट्या झाल्या. माझ्या खात्यातल्या पोरी मला गदागदा हलवायला लागल्या, "तुझी आई? खरंच तुझी आई?"

आई मात्र गप्प उभी. टाळ्या थांबल्या तरी उभी. मग माइकमध्येच म्हणाली, "ह्या टाळ्या कशापाई? उत्तर कुटं हाय?"

लोक हसले. त्यांना ती गंमत वाटली. आईला गंमत नव्हती. तिनं पुन्हा तीच ओळ गायली आणि पुन्हा थांबली. आता हसूही कमी झालं. अध्यक्षबाई कडेनं हातवारे करू लागल्या, पुढचं म्हणा, पुढचं. पण पुढचं असं काही नव्हतंच. ते समोरून यायचं होतं. आईची नजर गर्दीतून मला शोधत आली आणि तिला माझं तोंड दिसलं. तिला कळलं. माझा खोटेपणा तिला एवढ्या लांबून कळला.

तेवढ्यात मांडवाच्या पार मागून, माइकबिइक काही नसताना, एक खणखणीत आवाज उठला :

पाखरू उडालं, रान झालं मुकं,
भाताच्या खाचरात साचलं गं धुकं,
सांग गं वहिनी, येशील का माघारी?

मी खुर्चीवर चढून बघितलं. आत्या! कांद्याची टरफलं अजून पदराला चिकटलेली. वखारीतून उठून सरळ एस.टी.त बसली असणार. माणसं आपोआप बाजूला झाली आणि तिला वाट मिळाली. पण तिनं फुलांचं उत्तर दिलंच नव्हतं. तिनं सात वर्षांपूर्वीचा सवाल पुन्हा टाकला होता, शब्द न शब्द तोच. आधीचं उत्तर आधी.

काय चाललंय हे कुणाला माहीत नव्हतं, पण काहीतरी चाललंय हे अगदी पुढच्या पोरांनासुद्धा कळलं होतं. आईनं तोंड उघडलं, मिटलं. मी मनात म्हटलं, गेलं. आणि मग आई गायली, हळू, थांबून थांबून, एकेक शब्द जुळवत :

माघारी न्हाई गं, खोटं कसं गाऊ?
पोरीचं पोट हितं, तिला कुटं नेऊ?
तुजी हाक जितं, तितं रान माजं.

त्या दिवशी वाडीच्या मांडवात आईजवळ उत्तर नव्हतं असं नाही, हे मला तेव्हा कळलं. उत्तर होतं, आणि ते 'नाही' होतं. नणंदेच्या तोंडावर, निघायच्या दोन दिवस आधी, ते तिच्यानं गाववलं नाही. आणि 'येईन' असं खोटंही गाववलं नाही. मी रडत होते आणि मला त्याची बिलकुल लाज वाटत नव्हती.

आत्या 'झेललं' म्हणाली नाही. ती मंचाच्या पायऱ्या चढली, आईच्या समोर उभी राहिली आणि ठेका धरून फुलांचं उत्तर दिलं :

खुरपं जिच्या हाती, तिची गं तिची!

मग काय विचारता! पॅकिंगच्या पोरींनी ती ओळ उचलली, मागच्या बायकांनी उचलली, "तिची गं तिची!" कर्णे फुटतात की काय असं झालं. दहा मिनिटांचा पाऊण तास झाला. एकदा अध्यक्षबाई घड्याळ दाखवायला वर आल्या आणि आईनं त्यांनाच सवाल टाकला. त्यांना उत्तर सुचेना, पण खाली उतरेपर्यंत त्यांचाही पाय ठेक्यात पडत होता.

दिवस मावळायच्या आधी आम्ही आत्याला सोडायला नाशिक फाट्यावर गेलो. दोघी माझ्या दोन बाजूंना चालत होत्या आणि कांद्याच्या भावाबद्दल बोलत होत्या. आईचा चेहरा मात्र उतरत चालला होता. 'झेललं' आलं नाही, म्हणजे ते 'नाही' आत्याला पटलं नव्हतं. एस.टी. आली. आत्या चढली, खिडकीशी बसली. कंडक्टरनं घंटा दिली. आई पदराशी चाळा करत खाली बघत उभी.

गाडी हलली तशी आत्यानं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. कंडक्टर ओरडला, पण ती त्याच्याहून मोठ्यानं ओरडली, "वहिनी! झेललं गं, झेललं!"

गाडी भोसरीच्या रस्त्याला लागेपर्यंत आई हात वर करून उभी होती. मग माझ्याकडे वळून मला एक रपाटा घातला, त्या खोट्यासाठी, आणि म्हणाली, "आता फुडला सवाल माजा." घरी येईपर्यंत ती तो रचत होती, आणि मी मुकाट मागून ठेका धरत होते.