पडद्यावरची जुळणी

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माझ्या मेव्हण्याएवढा चिवट माणूस जयपुरात दुसरा नाही. सासरे बँकेतल्या बदलीने इथे आले, हा इथेच वाढला, रसायनशास्त्रज्ञ झाला आणि पंचेचाळिशी आली तरी लग्नाचं नाव न काढता मानसरोवरच्या घरात आईबरोबर राहतो. त्याचा जीव जडलाय तो रेणूंवर. हे रेणू जांभळ्या प्रकाशात अंग वाकवून फटकून बसतात आणि निळ्या प्रकाशात ताठ होऊन एकमेकांना बिलगतात; कुणी न ओवता त्यांचे केसाहून हजारो पटींनी बारीक धागे होतात. व्हायला हवेत, असं म्हणू. सहा वर्षं बाटलीच्या तळाशी नुसता गाळ बसत होता. जयपूरचं ऊन हा त्याचा वैयक्तिक शत्रू. काळ्या कापडात गुंडाळलेली बाटली घेऊन मेट्रोत शिरला, तेव्हा रक्षकाने विचारलं, "अंदर क्या है?" हा म्हणाला, "भैया, ये शरमाते हैं." पाऊण तास बसवून ठेवलं त्याला.

गेल्या महिन्यात वरून बजावलं गेलं: शुक्रवारपर्यंत धागे दाखवा, नाहीतर प्रयोगशाळेची खोली दुसऱ्याला देऊ. हा गादी घेऊन तिथेच मुक्कामाला निघाला. जाताना मला म्हणाला, "भाऊजी, मतलब, आपोआप असेंबल होतात, त्याला मराठीत काय? आईला सांगायचंय." मी निरागसपणे म्हटलं, "जुळतात."

शुक्रवारी सकाळी मी सासूबाईंकडे असतानाच त्याचा फोन आला, स्पीकरवर. "आई, जुळलं."

सासूबाईंच्या हातातली बशी तिथेच थांबली. "अरे, पण पत्रिका?"

हिंदीत शिकलेल्या माणसाची पत्रिका म्हणजे नियतकालिक. "पत्रिकेला मग पाठवू. आधी तू बघायला ये."

मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी खण-नारळ पिशवीत टाकला होता. प्रयोगशाळेत परीक्षक सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावरच्या करड्या धाग्यांकडे बघून माना डोलावत होते. खोली वाचली होती. मेव्हण्याने आईच्या पिशवीतला नारळ पाहिला आणि त्याला सगळं उमगलं. "आई, मतलब... हे जुळलेत," तो पडद्याकडे बोट दाखवून पुटपुटला.

सासूबाई खुर्चीवर टेकल्या. खूप वेळ बघत राहिल्या. "दिवा मालवला की सुटे होतात का रे?"

"नाही, आई. तसेच राहतात."

सासूबाईंच्या तोंडून निघून गेलं, "मग बरं. माझ्यामागे तुझ्या सोबतीला एवढे तरी असतील."