आनंदीबाईने मागे घेतलेलं आवतण

कशेळ्याच्या पलीकडच्या त्या गावात लग्न असो की बारसं, आवतण द्यायचं ते आनंदीबाईनेच. हातात कुंकवाची कोयरी घेऊन ती दारोदार जायची, बाईमाणसाला कुंकू लावायची आणि म्हणायची, "घरटी समद्यांनी या गं." तीस वर्षं तिचा शब्द कुणी मोडला नव्हता. मध्ये एका शहाण्याने मोबाईलवरून पत्रिका धाडली, तर त्याचं अर्धं जेवण म्हशींना घालावं लागलं!

गावाचा आणखी एक रिवाज होता. आवतण घेऊन ज्याच्या मांडवात गेलात, त्याला तिथे वेडंवाकडं बोलायचं नाही. बांधावरून कोर्टात गेलेले भाऊसुद्धा मांडवात शेजारी बसून मुकाट जेवत.

तर माघात हर्षद नावाचा कंपनीचा माणूस नारळ आणि खण घेऊन आनंदीबाईकडे आला. जमिनीखाली तेल, गॅस आहे का ते पाहायला गावच्या माळावर खोल भोक पाडायचं होतं. परवाना मिळण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायचा कायदा आहे म्हणे, म्हणून शाळेच्या पटांगणात जनसुनावणी होती.

"मावशी, तुम्ही आवतण दिलंत तरच लोक येतील," हर्षद म्हणाला.

लोक यावेत हे तर आनंदीबाईलाच हवं होतं. गेल्या साली कंपनीच्या पाहणीवाल्यांनी जमिनीत बार उडवले, तेव्हा विहिरीचं पाणी चार दिवस गढूळ येत होतं. आता तिच्या सुनेने, नम्रताने, ग्रामपंचायतीत ठेवलेला अहवाल वाचला होता. भोक पाडायची जागा विहिरीपासून तीनशे पावलांवर होती, आणि नम्रताला सहावा महिना लागला होता. सगळ्यांनी येऊन सुनावणीच्या साहेबापुढे हरकत घ्यावी म्हणून आनंदीबाईने एकही घर सोडलं नाही. कोयरी घेऊन नेहमीसारखीच फिरली. तिथेच बाई चुकली.

सुनावणीच्या दिवशी कंपनीने घातलेला झालरीचा मांडव, दारात गुलाबपाणी, हातात पेढा. माणसं इस्त्रीचे कपडे घालून आली आणि शहाण्यासारखी बसली. कंपनीच्या माणसाने पडद्यावर चित्रं दाखवली. मग जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी विचारलं, "कुणाची काही हरकत?"

माणसं पेढे खात राहिली.

त्यांनी पुन्हा विचारलं. आदल्याच दिवशी पाणवठ्यावर "यंत्रापुढं आडवा पडीन" म्हणून गरजलेला धाकलू आनंदीबाईच्या शेजारच्याच खुर्चीत बसून चहावरची साय बाजूला करत होता.

"दादा, बोला की," ती कुजबुजली.

धाकलूने मान वर केली नाही. "आनंदे, तुजं आवतण घेऊन आलोय आमी. मांडवात बसून त्यांना वंगाळ कसं बोलू?"

गावाचं तोंड कंपनीने बांधलं नव्हतं, तिने बांधलं होतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि कारकुनाला म्हणाले, "लिहा, उपस्थितांची हरकत नाही."

दिलेलं आवतण मागे घेतल्याचं गावात कधी ऐकिवात नव्हतं. जी घेईल तिच्या हातचं कुंकू पुन्हा कुणी लावून घेणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शेतात राबणाऱ्या बाया गावात पन्नास होत्या. आनंदीबाईला मान होता तो या एका कामाचा. तिला उठवेना. पण कारकुनाचं पेन चालायला लागलं, तशी ती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"मी आवतण मागं घेते," ती म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा ओरडून म्हणाली, "समद्या घरांचं! तुमी हितं कुनाचे पाव्हने नाय."

"बाई, विषयाला धरून बोला," साहेब म्हणाले. हर्षद हसला, पण तो एकटाच. मांडवात बायकांनी तिच्यावरची नजर काढून घेतली. ती नजर काढून घेणं तिला शिवीपेक्षा जास्त लागलं.

मग धाकलूने चहाचा कप खाली मातीत ठेवला. "सायेब, लिवा. धाकलूची हरकत हाय." त्याच्या मागून हिरामण उठला, मग गोदा, मग खुर्च्या सरकायचाच आवाज. कारकुनाने पानामागून पान उलटलं.

सगळ्यांत शेवटी साहेबांनी आनंदीबाईकडे पाहिलं. "तुमची काय हरकत?"

अहवालातलं नम्रताने पाठ करवून घेतलेलं सगळं ती विसरली होती.

"मला भ्या वाटतंय सायेब. तेवढं लिवा."

"भीती ही काही हरकत होत नाही. कारण सांगा."

"सून पानी प्यायला लागली का मी तिच्या तोंडाकडं बघत ऱ्हाते," आनंदीबाई म्हणाली. "आजून तर तुमी भोकबी पाडलं नाय."

कारकुनाने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान डोलावली, तेव्हा त्याने ते शब्द तसेच लिहून घेतले.