आक्काचे ओठ

मला नकलाकार म्हणा, सोंगाड्या म्हणा, सिनेमातला नट म्हणा, मला काही फरक पडत नाही. पण कुणी 'अस्सल कलावंत' म्हणालं की माझं डोकं फिरतं. पुण्याच्या एका फिल्म कंपनीत मी आठ-नऊ वर्षं लोकांना हसवलं, अन् कशावर हसवलं ते माझं मला ठाऊक आहे. आज ते सांगून टाकतो.

आमचं गाव हिंगोलीकडच्या पुसेगावच्या अंगाला, तेव्हाच्या निजामाच्या राज्यातलं. शाळा उर्दूची, घरात मराठी, बाजारात दोन्हीची खिचडी. मी रांगत होतो तेव्हाच आई गेली. बाप दिवसभर शेतात राबायचा अन् घरी आला की गप बसायचा. मला वाढवलं थोरल्या बहिणीनं, आक्कानं. ती नांदायला गेली अन् दोन वर्षांत परत आली ती कायमचीच. त्यानंतर तिला कुणी न्यायला आलं नाही, अन् तिनंही कुणाची वाट पाहिली नाही.

आक्काला एक सवय होती. कोणतंही वाक्य बोलून झालं की तेच वाक्य ती पुन्हा, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हणायची. 'भाकर खाऊन घे' असं मोठ्यानं, मग तेच ओठांतल्या ओठांत, अन् मग पदरानं तोंड पुसायचं. नव्या माणसाला हमखास हसू यायचं. मला त्यामागचं कारण माहीत होतं. लहानपणी मला न्हाऊ घालताना तिनं एकदाच सांगितलं होतं. सासरी ती काहीही बोलली की सासू म्हणायची, काय म्हणलीस, परत म्हण. परत म्हणताना एखादा शब्द इकडचा तिकडं झाला की पळीचा दांडा तोंडावर बसायचा. म्हणून बोललेलं वाक्य ती लगेच घोकून ठेवायची. सासर सुटलं, घोकणं काही सुटलं नाही.

माझे उस्ताद गावातले पिंजारी. वर्षभर कापूस पिंजायचे अन् मोहरम आला की सोंगं काढायचे. त्यांच्या मेळ्यात आम्ही हिंदू पोरं निम्म्याहून जास्त होतो. उस्तादांचा एकच कायदा होता. ज्याचं सोंग घ्यायचं, त्याच्या घरी आधी पानाचा विडा घेऊन जायचं. त्यानं विडा घेतला तर परवानगी. मग खेळाच्या दिवशी त्याला पहिल्या रांगेत, अगदी तोंडासमोर बसवायचं, अन् त्याच्या डोळ्यांत बघत सोंग करायचं. विडा घेतला नाही तर सोंग तिथंच मेलं. आमच्या शाळेतले मौलवीसाहेब शिकवता शिकवता पेंगायचे, त्यांचं सोंग मी केलं तेव्हा ते समोर बसून इतके हसले की टोपी मांडीवर पडली. पटवाऱ्यानं विडा परत केला, तर महिनाभर बसवलेलं सोंग उस्तादांनी एका शब्दात मोडलं. आम्ही कुरकुर केली. ते म्हणाले, समोर बसवून करता येत न्हाई ती नक्कल न्हाई, चहाडी आहे.

एके दिवशी त्यांच्या ओट्यावर मला शहाणपण सुचलं. मी पदर सावरल्यासारखं केलं, एक वाक्य बोललो अन् ओठ हलवले. पोरं लोळायची बाकी राहिली. उस्तादांनी पिंजण थांबवलं. मला म्हणाले, "तिला समोर बसव. बराबर समोर. मग कर." मी मान खाली घातली. विडा घेऊन आक्कापुढं जायची माझी छाती नव्हती. ते सोंग मी गावात पुन्हा कधी केलं नाही.

पुढं कळमनुरीच्या बाजारात आमचा खेळ पुण्याच्या एका गृहस्थानं पाहिला अन् कंपनीत ये म्हणाला. हिंगोलीहून गाडीत बसलो तेव्हा आक्का स्टेशनात आली होती. तिनं दशम्या बांधून दिल्या, 'जपून राय' म्हणाली, मग ओठ हलवले. गाडी हलेपर्यंत मी तिच्याकडं बघत होतो. ते बघणं मायेचं होतं की धंद्याचं, हे आज मला छातीठोक सांगता येत नाही.

कंपनीत पहिलं वर्ष भाला धरून उभं राहण्यात गेलं. पोटासाठी उभं राहायचं, दुसरं काय! मी 'का'ला 'काहून' म्हणालो की तिथली शहाणी माणसं एकमेकांना कोपरानं ढोसायची. मग एकदा विनोदी नोकराचं काम करणारा नट आजारी पडला अन् डायरेक्टर मला म्हणाले, तुमच्याकडचं काहीतरी करून दाखव. मी मौलवीसाहेब केले. कुणी हसलं नाही. मी पटवारी केला, मारवाडी केला, तर दिवेवाले जांभया देऊ लागले. मला कळलं, आता पुन्हा भाला. तेव्हा मी एक वाक्य बोललो, ओठ हलवले अन् खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. दिवेवाले हसले, डायरेक्टर हसले, कॅमेऱ्यावरचा माणूस हसता हसता बाजूला झाला. हे आपोआप घडलं असं मी पुढं ज्याला त्याला सांगत आलो. साफ खोटं आहे. मी जाणूनबुजून केलं.

मग काय विचारता! पुढच्या प्रत्येक चित्रपटात मी कधी नोकर, कधी वकिलाचा कारकून, कधी नवरीचा मामा, अन् ओठ तेच. रस्त्यानं पोरं माझ्याकडं बघून ओठ हलवायची. उस्तादांचा कायदा आठवला की मी मनाशी म्हणायचो, इथं समोर बसतं कोण? कॅमेरा. त्याला काय विडा द्यायचा? अन् आमच्या गावाकडं कुठला आलाय सिनेमा? दुसऱ्याचं पाहावं वाकून, आपलं ठेवावं झाकून म्हणतात. मी दीडशहाणा, आपलंच चव्हाट्यावर मांडलं.

गावाकडं सिनेमा गेला. तंबूतला. ते मला उस्तादांच्या कार्डावरून कळलं. उर्दूत एकच ओळ होती, "आक्काला समोर बसवलं होतं का?" कार्ड मी पेटीच्या तळाशी घातलं. उत्तर लिहिलं नाही, कारण खरं लिहायची लाज वाटत होती अन् खोटं त्यांनी ओळखलं असतं. पुढं दरसाल गावी जायचं ठरवायचो अन् दरसाल कामाचं निमित्त सापडायचं. मग रझाकारांची धामधूम आली, पत्रंसुद्धा बंद झाली. त्या निमित्तानं तर माझी सोयच झाली.

अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं. हिवाळ्यात मी गावी पोचलो. आधी उस्तादांच्या घराकडं वळलो. दाराला कुलूप होतं. मुसलमान घरांवर त्या दिवसांत बसलेल्या भीतीनं ते बायकापोरं घेऊन कुठं गेले ते कुणाला सांगता आलं नाही, किंवा सांगायचं नव्हतं. मग घरी आलो. बाप थकला होता. आक्का चुलीपुढं होती. तिनं वर बघितलं, पाण्याचा तांब्या ठेवला, पाट मांडला, वाढलं. एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, रागावली असेल, दोन दिवसांत निवळेल. चार दिवस झाले तरी ती तशीच. बापाला विचारलं, तर तो म्हणाला, लई दिवस झाले, अशीच करून राहिली.

शेजारच्या काकूंनी मला सगळं सांगितलं, अन् चांगलं झणझणीत सांगितलं. तंबू आला तेव्हा आक्का नवं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी गेली होती. भाऊ पडद्यावर येणार म्हणून बायकांच्या बाजूला अगदी पुढं बसली. मी आलो, बोललो, ओठ हलवले, तोंड पुसलं. तंबू हसला. ती पण हसली, काकू म्हणाल्या, तिला आधी समजलंच न्हाई. मग रीळ बदलायला मशीन थांबलं अन् दिवे लागले. तेव्हा अख्ख्या गावानं मान वळवून तिच्याकडं बघितलं, अन् पुन्हा हसलं. आमच्याकडं नळ नाही, आडच. दुसऱ्या दिवशी आडावर पोरींनी ओठ हलवले. शेवयांना बायका जमल्या तिथं हलवले. कुणी विचारलं तर आक्का पहिल्यांदा म्हणाली, हसतील त्यांचे दात दिसतील. पण ते बोलल्यावर तिचे ओठ हलायचे ते हललेच, अन् हसणं दुप्पट झालं. त्या दिवसापासून तिनं बोलणंच टाकलं.

सासूच्या पळीनं जे झालं नव्हतं ते मी करून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विडा लावून घेतला. चाळिशीला टेकलेला, सिनेमातला नावाजलेला माणूस, पण विडा हातात घेऊन घराच्या उंबऱ्यातून दोनदा मागं फिरलो. आक्का ज्वारी निवडत बसली होती. तिच्यासमोर बसलो, विडा सुपाजवळ ठेवला अन् म्हणालो, आक्का, चुकलो. आता इचारतो. तू नको म्हण, मी ते सोंग पुन्हा करणार न्हाई.

ती विड्याकडं बघत राहिली. तिला त्या विड्याचा अर्थ माहीत होता, गावातल्या सगळ्यांनाच होता. मग ती बोलली. आवाज बसका झाला होता, पण शब्द स्वच्छ.

"तवा आणला असता तर घेतला असता रे. समोर बसून हसलेबी असते. तुला कोणती गोष्ट न्हाई म्हणले मी?"

मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. सवयीनं बघत होतो, लाज वाटते सांगायला. ओठ हलले नाहीत. तिनं विडा उचलून माझ्या बाजूला सारला अन् सूप पुढं ओढलं.

मी पुण्याला परत आलो. पहिल्याच दिवशी डायरेक्टर म्हणाले, चला, ते ओठांचं होऊ द्या. मला वाटलं होतं, मी नाही म्हणेन. दिवे लागले, मी वाक्य बोललो, ओठ हलवले, पंच्यानं तोंड पुसलं. सगळे हसले.