माझ्या टेबलासमोरचं मशीन

जाफराबादकडच्या एका कॉलेजात मी हेडक्लार्क होतो. मुलींसाठी सॅनिटरी पॅडचं मशीन आलं, तेव्हा “पोरी मोडतोड करतील” म्हणून ते ऑफिसात, माझ्या टेबलासमोर मीच लावून घेतलं. एकाही प्राध्यापकानं हरकत घेतली नाही! महिनाभर एकही पोरगी फिरकली नाही.

“गरजच नाही कुणाला,” मी म्हणालो.

झाडलोट करणाऱ्या मावशी भडकल्या. “काल एक पोरगी डागामुळं पेपर अर्धा टाकून घरी गेली. तुमच्यापुढं तुमची लेक पॅड काढंल का, साहेब?”

मशीन मुलींच्या खोलीत हलवलं. संध्याकाळपर्यंत रिकामं झालं.

कसला माजोरडा शहाणपणा तो! अर्ध्या पेपरामुळं ती पोरगी नापास झाली; तिचं वर्ष मी बुडवलं, हे आज पहिल्यांदा कबूल करतोय.